कासव उभं होतं की चालत होतं?

फार जुनी गोष्ट. तेव्हा नदीकाठच्या माळावर जनावरं बास्केटबॉल खेळत. पंच होती टिटवी. शिट्टी तिच्या गळ्यातच होती आणि नियम तोंडपाठ होते: उभ्या असलेल्याला कुणी धडकलं, तर चूक धडकणाऱ्याची, पण तोच चालत आडवा आला, तर चूक त्याची.

शेवटच्या सामन्यात गुण बरोबरीत असताना रानडुक्कर चेंडू घेऊन जाळीकडे सुसाट निघालं आणि कासवावर आदळलं. टिटवीने शिट्टी तर वाजवली, पण पुढे काय बोलावं ते तिला कळेना.

"कासव उभं होतं!" एक बाजू ओरडली.

"डोळे फुटले का? चालत होतं!" दुसरी खेकसली.

टिटवीने कासवाला चालून दाखवायला सांगितलं, मग उभं राहायला. तिला काडीचा फरक दिसेना. "कासवदादा, आता तुम्हीच सांगा," ती काकुळतीला आली.

कासवाने मान बाहेर काढली. "टिटवीताई, मी चेंडूकडे बघत होतो. माझ्या पायांकडे कोण बघत होतं?"

शेवटी टिटवीने चेंडू मधोमध वर उडवला. या वेळी सगळा माळ कासवाच्या पायांकडे टक लावून बसला, आणि चेंडू कुणी पळवला ते कुणालाच दिसलं नाही.