वाढणारा पाइप

गोष्ट फार जुनी नाही, पण ती जिथं घडली ते गावच आता उरलेलं नाही. म्हणून जुनीच म्हणायची.

नदीकाठच्या मऊ जमिनीत बोअरचा एक लोखंडी पाइप होता. बसवला तेव्हा जमिनीवर घोट्याएवढा दिसे. बोअर रात्रंदिवस चाले. हळूहळू पाइप गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा.

"मी वाढतोय," शेजारच्या कोरड्या विहिरीतल्या खेकडीला तो म्हणाला.

"लोखंड कुठं वाढतं का रे? तू आहेस तिथंच आहेस, जमीन खचतेय. खालच्या पाण्यानं तिला उचलून धरलं होतं, ते तू उपसलंस. आता जरा थांब. पावसाचं पाणी या विहिरीतून खाली मुरू दे."

"थांबलो तर वाढू कसा? जळतेस तू माझ्यावर."

गावातल्या तान्हुबाईनंही पाइप पाहिला. "अगं बाई, स्वयंभू देव वर येतोय!" म्हणत तिनं त्याला शेंदूर फासला. मग भोवती ओटा झाला, फरशी झाली. फरशीसाठी विहीर बुजवली. पावसाचं पाणी फरशीवरून सरळ नदीला जाऊ लागलं. उपसा चालूच राहिला, आणि वर्षांमागून वर्षं पाइप घरांच्या छपरांच्याही वर गेला.

एका वर्षी नदीला नेहमीसारखाच पूर आला. गाव मात्र नदीच्याही खाली गेलं होतं. घरांत शिरलेलं पाणी ओसरलंच नाही. लोक बोचकी घेऊन टेकडीकडे निघाले. जाता जाता तान्हुबाईनं वळून हात जोडले.

पाण्यावर एकट्या पाइपचं टोक उरलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "गावात सगळ्यांत उंच मीच."

ज्या खेकडीला तो हे सांगत होता, ती फरशीखाली होती.