तुझं नसलेलं अंडं

फार वर्षांमागे, कावळे नुकतेच घरटी बांधायला शिकले होते, तेव्हा दर वैशाखात सगळ्या आयांची परीक्षा होई. प्रश्न सगळ्यांना एकच. म्हातारा डोमकावळा घरट्याच्या काठावर बसून विचारी, "यातलं तुझं नसलेलं अंडं दाखव." आई ज्यावर चोच ठेवील ते कोकिळेचं समजून तो खाली ढकलून देई.

काजळी कावळीची ही पहिलीच वेळ. आपल्या तिन्ही अंड्यांवरचा ठिपका न् ठिपका तिने पाठ केला होता; घरट्यातलं चौथं अंडं मात्र तिला अनोळखी होतं. डोमकावळा समोर येऊन बसला, तेवढ्यात शेजारच्या फांदीवरून सखू कावळी ओरडली, "सुटले बाई, झालं माझं!" काजळीला वाटलं, आपणच मागे राहिलो की काय!

"यातलं तुझं..." एवढंच तिच्या कानी पडलं आणि तिने टोकाशी तीन ठिपके असलेल्या अंड्यावर चट्कन चोच टेकवली.

डोमकावळ्याने ते अंडं लोटत काठापर्यंत नेलं.

"अहो, थांबा! ते माझंच आहे!"

"मग मी विचारलं काय होतं, बाई?"

अंडं काठावर डुलत होतं.

"परत... परत एकदा विचारा," ती कशीबशी म्हणाली.

त्याने विचारलं. या वेळी शेवटचा शब्द संपेपर्यंत तिने चोच घट्ट मिटून धरली, आणि मग ती चौथ्या अंड्यावर टेकवली.

पुढे त्या तीन ठिपक्यांच्या अंड्यातून पिल्लू निघालं, भारी उतावळं. "आई, तू प्रत्येक गोष्ट दोनदा का गं विचारून घेतेस?"

काजळीने त्याला पंखाखाली ओढलं. "दोनदा विचारलं, म्हणून तू आहेस."