बकुळेचा पैसा

राजा होता बरं का एक, आणि त्याला एकच मुलगी. बकुळा तिचं नाव. आई तिची लहानपणीच गेलेली. म्हणून राजा पोरीला इतका जपायचा, इतका जपायचा, की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही. ऊन लागेल, दृष्ट लागेल! गुंड्या, पाय आवर बघू, नाहीतर गोष्ट बंद.

तर बकुळा आपली खिडकीशी बसायची. खाली बाजार भरायचा. म्हणायची, "बाबा, मला बाजारात न्या ना." राजा म्हणायचा, "नेईन हं, उद्या नेईन." तो मेला उद्या काही उजाडलाच नाही! मग एकदा काय झालं, पोर तापानं फणफणली. वैद्य झाले, अंगारे झाले. गेली रे पोर. बाजार बघायचा राहूनच गेला.

राजानं अन्न सोडलं. मग त्याच्या मनात आलं, पैसा कुठं कुठं फिरतो! नाण्यावर हिचं चित्र काढलं, तर ही सगळे बाजार हिंडेल. तसाच उठून टांकसाळीत गेला. तिथं लक्षूशेट सोनार नाण्यांचे ठसे कोरायचा. राजा म्हणाला, "लक्षूशेट, माझ्या बकुळेच्या आठवणीचं नाणं पाडायचं. पण पेटीत ठेवायला नाही हं, चालवायला."

लक्षूशेटनं सोन्याचं नाणं पाडलं. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार. झालं काय, सावकारांनी ते घेतलं आणि तिजोरीत घालून कुलूप लावलं. पोर पुन्हा अंधारात.

मग चांदीचं पाडलं. चेहरा इतका शांत कोरला, इतका सुंदर, की बायकांनी हातच जोडले. "अगबाई, देवीच ही!" हळदकुंकू वाहिलं, देव्हाऱ्यात बसवलं. आता देवी कुणी भाजीवालीला देतं का? हसू नका रे, राजा तिकडं रडत होता. मेल्यावरही पोरीला कोंडलंच, म्हणाला.

लक्षूशेट बिचारा बसला डोकं धरून. मग त्यानं हळूच विचारलं, "महाराज, बकुळाताई हसायच्या कशा?"

राजा सांगायला लागला. पुढचा दात पडला होता, ओठ मुडपून लपवायची, पण हसू आलं की लपवायचं विसरूनच जायची. लक्षूशेटनं डोळे पुसले आणि तश्शीच कोरली. साध्या तांब्याच्या पैशावर. मुकुट नाही, हार नाही, खुदकन हसणारी दातपडकी पोर.

आणि चालला की पैसा! बाया म्हणायच्या, "ही तर आपल्या शेजारची वाटते गं." बोरं घ्या, फुटाणे घ्या, जत्रेत पाळण्यात बसा. या गावाहून त्या गावाला. राजाला जरा घास गोड लागायला लागला.

वर्षं गेली. एकदा राजाला राहवेना. साधं धोतर नेसून तो स्वतःच बाजारात गेला. बोरं घेतली. बोरंवालीनं सुटे पैसे दिले, त्यात बकुळेचा पैसा. बघतो तर गुळगुळीत! नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. राजानं तो पैसा बोरंवालीपुढं धरला. "कुणी पुसली गं माझी पोर?"

बोरंवाली घाबरली. "अहो दादा, वापरून वापरून झिजलाय तो. द्या, बदलून देते."

"नको," राजा म्हणाला. पैसा मुठीत घट्ट धरला. आता घरी नेतो, मऊ कापडात ठेवतो, कुण्णाला हात लावू देत नाही. असं म्हणून चालायला लागला. तोच मुठीतून इवलासा आवाज आला.

"बाबा, इतक्यात घरी नको ना."

राजा भर बाजारात थबकला. लोक धक्के देऊन जात होते, त्याला भान नाही. मग परत फिरला. फुटाणेवाल्याकडं गेला, पुडी घेतली आणि त्याच्या हातावर तो पैसा ठेवला. ठेवला खरा, पण बोटं काही सुटेनात रे त्याची. फुटाणेवाला म्हणाला, "सोडा की आता." मग सोडला. घरी पोचेपर्यंत राजा रडत होता.

पुढं राजा जेवूखाऊ लागला, प्रजा सुखात राहिली, आणि बकुळा अजून हिंडतेच आहे. कोण रडतंय ते? ये, माझ्या पांघरुणात ये. आणि तुम्ही बाकीचे, मिटा डोळे. झोपा हं आता.