रबरी रूळ आणि लोखंडी यंत्र

फार वर्षांमागे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळी, एका छापखान्यात लोखंडी यंत्र होतं. खिळ्यांना शाई फासणारा रबरी रूळ अडखळला, की ते खेकसायचं, "आळशा, नीट फिर!" रूळ बिचारा फिरत राहायचा.

एके दिवशी पानंच्या पानं काळी झाली. कारागीर अब्बासचाचांनी रूळ काढून अंगठ्याने दाबला, तर रबराचा लगदाच हातात आला!

यंत्र हादरलं. "अरे, तुझी ही दशा? बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की," रूळ क्षीणपणे म्हणाला. "तुझ्या खडखडाटात ऐकू गेलं नाही."

चाचांनी नवा रूळ बसवला, चाकाला हात घातला. यंत्र हळूच नव्या रुळाला म्हणालं, "दुखलं तर सांग हं. मी थांबेन."