मोकळ्या खोलीचं दार

त्या राज्यात कुणीही आपण होऊन जागं होत नसे. दिवस मावळला की सगळे पक्षी आपापल्या खोलीत जात आणि अशी झोप लागे की मेलेलं आणि झोपलेलं ओळखू येऊ नये. पहाटे उंच उंबरावरून हाक येई. ज्याचं नाव घेतलं जाई त्याचं दार आपोआप उघडे, तो डोळे चोळत बाहेर येई आणि दार मागे लावून कामाला लागे. हाक राजापर्यंत यायची तोवर निम्मं राज्य कामाला जुंपलेलं असे. ही पद्धत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. चालत आलेली गोष्ट होती आणि चालत होती, त्यामुळे कुणी चौकशीही केली नव्हती.

माळढोक तिथला राजा. त्याचं सिंहासन खोल्यांच्या ओळीकडे तोंड करून मांडलेलं होतं, बरोबर पहिल्या खोलीसमोर. वाडवडिलांनी ते तसं का मांडलं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या पहिल्या खोलीत पूर्वी खंड्या राहायचा. सिंहासनाच्या पाठीमागे मोठं तळं होतं, त्याचा बांध राखणं हे खंड्याचं काम. तो सर्वांआधी उठे, बांधावर जाऊन येई आणि राजा बाहेर आला की पाण्याची खबर सांगे. एका वर्षी त्याची खबर बदलली. "महाराज, बांधाला भेग पडली आहे," असं तो सांगू लागला, आणि रोज तेच सांगू लागला. सकाळी उठून पहिलं काय ऐकायचं, तर हे! राजाने त्याला डोंगरापलीकडे धाडलं. तिथे हाक पोचत नसे. तिथे जो झोपला तो झोपला.

खंड्याचं नाव उच्चारायला बंदी झाली, दारावरचं त्याचं चिन्ह खरवडलं गेलं, अंथरूण जाळलं गेलं. आणि दुसऱ्या दिवसापासून ते दार रोज उघडं राहू लागलं. राजा बाहेर येऊन बसला की समोर ती खोली आ वासून उभी. आत काही नाही, फक्त माशांच्या काट्यांचा जुना वास.

राजाने सुताराला बोलावलं. राज्यातली सगळी दारं या सुतारपक्ष्याच्या चोचीखालून गेलेली होती आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. "महाराज, दार म्हणजे माझ्या हातचा मळ," तो म्हणाला. प्रधान बगळा एका पायावर उभा होता. डोळे न उघडता तो म्हणाला, "उत्सवाला शेजारचे पाहुणे येणार आहेत. तोवर बंद झालं तर मान मिळेल. नाही झालं तर डोंगरापलीकडेही दारं लागतातच कुणाकुणाला." सुतार हसला आणि कामाला लागला.

त्याने कडी बदलली, दार उघडंच. अडसर घातला, तो सकाळी अंगणात पडलेला. बिजागरं उलटी बसवून पाहिली. कुणी म्हणालं वाळवी लागली असेल, म्हणून सगळ्या ओळीला कडुनिंबाची धुरी दिली आणि राज्य दिवसभर खोकत राहिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार. बगळ्याने सुचवलं की सगळ्या राज्याला पुन्हा झोपवून पुन्हा उठवावं, अशाने पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात. तेही करून झालं. सगळे ताजेतवाने उठले आणि दार उघडं राहिलं.

सुताराची झोप उडाली असती, पण त्या राज्यात झोप उडत नसे. त्याचा गर्व मात्र उडाला. उत्सव तोंडावर आला तेव्हा त्याने शेवटचा उपाय केला. दार आतून धरून ठेवायचं म्हणून तो स्वतःच त्या मोकळ्या खोलीत जाऊन निजला.

पहाटे त्याला जाग आली. नाव त्याचं नव्हतं, पण हाक याच खोलीला होती. उंबरावरून स्वच्छ, मायेची हाक आली होती, "खंड्या, ऊठ रे बाबा!" आणि दार त्याच्या अंगावरून उघडलं होतं. बाहेर सगळं राज्य निपचित होतं. हाकेतलं पहिलं नाव खंड्याशिवाय कुणी कधी ऐकलंच नव्हतं, कारण ते घेतलं जाताना जागं कोण असणार? बंदी घालणारेही झोपलेले आणि बंदी पाळणारेही.

हाक संपताच तो उंबरावर गेला. हाक देणारी साळुंकी, राज्यात आपण होऊन जागी होणारी ती एकटीच, इतकी म्हातारी झाली होती की तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं.

"मावशी, पहिलं नाव गाळता येईल का गं?"

"ते कसं गाळू बाबा? आईने शिकवलं तशी सगळी नावं पाठ आहेत मला. पहिलं घेतलं की दुसरं येतं, दुसऱ्यामागून तिसरं. पहिलंच नाही घेतलं तर तोंड उघडून नुसती बसेन मी. मग कुणीच उठायचं नाही." तिने खोल्यांच्या ओळीकडे मान वळवली. "दिसत नाही मला. पण त्याच्या दाराचा आवाज येतो ना रोज, बरं वाटतं. खबर आणतो ना वेळेवर? बरा आहे ना खंड्या?"

"बरा आहे, मावशी," सुतार म्हणाला.

खरं कारण राजाला सांगावं, तर साळुंकीची जीभ गेली असती. सुताराने सोपी वाट धरली. तो त्या खोलीतच निजू लागला. खंड्याच्या नावाने उठे, बाहेर येई आणि दार मागे लावून घेई. आपलं स्वतःचं नाव हाकेच्या शेवटी यायचं, तेव्हा आपल्या खोलीपाशी येऊन तेही दार लावी. राजाने पहिल्याच सकाळी बंद दार पाहिलं आणि आनंदाने त्याच्या डोक्यावर लाल तुरा खोवला.

पण दोन हाकांच्या मधल्या वेळात करायचं काय? तो सहज फिरत बांधावर गेला. भेग होती. खंड्याने सांगितली तेव्हा ती केसाएवढी होती म्हणे; आता तिच्यात सुताराची चोच मुळापर्यंत गेली आणि ओली होऊन बाहेर आली. तो रोज जाऊ लागला. लाकडाच्या ढलप्या ठोकल्या, चिखल भरला. सकाळी ते सगळं खाली वाहून आलेलं असे. भीती वाटायची. मग तुऱ्याला पंख लावून पाहायचा आणि मूग गिळून बसायचा. असे बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांची त्याला लाज वाटे.

उत्सवाच्या दिवशी पाहुण्यांनी ओळीची तारीफ केली. "एकही दार उघडं नाही! असा बंदोबस्त कुठे पाहिला नाही." राजाने कौतुकाने सुताराला पुढे बोलावलं. "काय हवं ते माग."

सुतार पुढे झाला. त्याला पुष्कळ काही मागता आलं असतं. त्या सकाळी भेगेतून एक मासोळी बाहेर पडून त्याच्या पायाशी तडफडली होती.

"महाराज," तो म्हणाला, "बांधाला भेग पडली आहे."

ते शब्द सगळ्यांच्या ओळखीचे होते. बगळ्याने कधी नव्हे तो दुसरा पाय खाली टेकवला.

"तुला दार बंद करायला सांगितलं होतं," राजा हळूच म्हणाला.

"दार बंद आहे, महाराज. भेग उघडी आहे."

तुरा काढून घेतला गेला आणि ऊन उतरायच्या आत त्याला डोंगराकडे नेलं. त्याने विनवण्या केल्या नाहीत. वाटेत एकदाच मान वळवून त्याने उंबराकडे पाहिलं.

दुसऱ्या पहाटे साळुंकीने हाक घातली. पहिलं दार उघडल्याचा आवाज आला. पुढे एकेक नाव घेत ती शेवटाशी आली, तेव्हा सुताराचंही दार उघडलं. दोघंही उठले, असं समजून म्हातारीने समाधानाने मान पिसांत खुपसली.

राजा बाहेर येऊन बसला. समोरच्या ओळीत आता दोन खोल्या मोकळ्या उभ्या होत्या. मग त्याने सेवकांना बोलावलं आणि सिंहासन उलटं फिरवायला सांगितलं. दहाजणांनी ते जड दगडी आसन उचललं, वळवलं आणि नीट टेकवलं. राजा त्यावर बसला, पंख सावरले आणि समोर पाहिलं. समोर बांध होता, आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उन्हात पाण्याची एक रेघ चमकत होती.