ऋत्विजच्या नावाचा लेअर

"हिचाच हट्ट आहे हो, मास्तर. नाहीतर मी कशाला त्या खोलीला हात लावला असता?"

वृंदा टेंबेमास्तरांच्या अंगणात पाय धूत होती. कौस्तुभचं, तिच्या नवऱ्याचं, ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं, पण ओसरीला पुढून भिंत नव्हती. तिने धुतलेले पाय पुन्हा एकदा धुतले.

लग्नाला दीड महिना झाला होता. जोडीने नमस्काराला जायचं हे अकरावं घर. हट्ट करण्याइतकं त्राण तिच्यात सकाळपासून नव्हतं, आणि त्याआधी कधी केल्याचं तिला आठवेना.

ती वर येऊन खांबाशी बसली. कौस्तुभने विषय बदलला नाही, फक्त आवाज बदलला.

टेंबेमास्तरांनी त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, ऋत्विजला, घरांचे नकाशे काढायला शिकवलं होतं. कागदावर, शाईने. आता कौस्तुभ कॉम्प्युटरवर काढायचा, आणि कऱ्हाडात आपल्याइतकं ते कुणाला येत नाही, हे स्वतःच सांगायचा. ऋत्विज भांडून इंदूरला गेला त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच्या खोलीत बायकोसाठी अभ्यासिका करायची, असं कौस्तुभने ठरवलं होतं. आणि तो अडला होता.

त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. घरातल्या प्रत्येकाचं सामान वेगळ्या रंगात आणि वेगळ्या लेअरवर, एकावर एक ठेवलेल्या ट्रेसिंगच्या कागदांसारखं. ऋत्विजचा पलंग पुसला, कपाट पुसलं, सायकल टांगायची खुंटीसुद्धा पुसली... पण त्याच्या नावाचा लेअर काही डिलीट होईना. उद्या नकाशा सुताराकडे जायचा, आणि त्यात ते नाव नको होतं. सॉफ्टवेअरच भिकार आहे, म्हणाला.

मास्तरांना माउस धरता येत नव्हता. ते चष्मा लावून पडद्याजवळ सरकले.

"त्याला विचारलंस?"

"कंपनीला? दोनदा मेल केला."

"ऋत्विजला."

"तो फोन उचलत नाही."

"शेवटचा कधी केला होतास?"

कौस्तुभने उगाच माउस हलवला.

"बरं. बाकीचे कागद बाजूला काढ," मास्तर म्हणाले. "तो एकटा राहू दे."

तो एकेक लेअर बंद करत गेला. आईंचा देव्हारा गेला, ओटा गेला, भिंती गेल्या. काळ्या पडद्यावर एक टेबल उरलं, पुस्तकांचं एक कपाट आणि खिडकीच्या जागी एक खुर्ची. सगळं गुलाबी.

"हे ऋत्विजचं?"

"नाही... हे हिचं."

तो पडद्यावर वाकला. रंग त्याने आठवणीने वृंदाचा दिला होता, कागद, म्हणजे लेअर, बदलायचा राहिला होता. चार दिवस तो ऋत्विजच्या लेअरवर बसून वृंदाची खोली काढत होता. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं, तर मास्तरांची पट्टी बसली असती.

वृंदाला गुलाबी आवडत नाही. तेही कुणी विचारलं नव्हतं.

"आणि हिच्या नावाचा?"

कौस्तुभने तो एकटा चालू केला. पडदा नुसता काळा.

मग तो हसला. लेअर रिकामा असला तरच पुसला जातो, मिनिटाचं काम, म्हणाला. हिचं सामान उचलून हिच्या लेअरवर टाकलं की दुसरा मुकाट्याने जाईल. त्याने बोट उचललं.

मास्तरांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी त्याच्यापुढून घेतला आणि वृंदासमोर ठेवला, पाहुण्यापुढे ताट ठेवावं तसा.

दोघं तिच्याकडे बघत होते...

"पुसायचाच असेल तर माझ्या नावाचा पुसा," ती म्हणाली. "तो अडणार नाही. मी काही मागितलंच नव्हतं."