सारसाची दोन अंडी

पूर्वी कुमुदनगरात महीसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्यावर सारस पक्षी होऊन जन्मला होता. तिथे एके काळी सारसांचे थवेच्या थवे उतरत. आता तो आणि त्याची सारसी असे एकच जोडपे उरले होते आणि लव्हाळ्याच्या घरट्यात त्यांची दोन अंडी होती.

मुलांना सारस कळला तर तो वाचेल, असे राजाला वाटले. त्याने आचार्य पिंगलकाला पाठशाळेत सारसाचा पाठ घ्यायला सांगितले. हा पिंगलक मोठा विद्वान. वस्तू हाताळल्याशिवाय ध्यानात राहत नाही, असा त्याच्या पाठशाळेचा नियम होता. पानाच्या पाठाला पान, दगडाच्या पाठाला दगड. सारसाच्या पाठाला त्याने चाळीस मुले तळ्यात उतरवली, सारसीला हुसकावले आणि एक अंडे हातोहात फिरवले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय! सतराव्या मुलीच्या हातून ते निसटून फुटले. ती रडू लागली.

"रडू नकोस," आचार्य म्हणाला, "अजून एक आहे."

त्याने दुसऱ्या अंड्याला हात घातला, तोच बोधिसत्त्व झेपावत आला. मुले काठाकडे पळाली. आचार्य चिखलात उताणा पडला आणि ती लांब चोच त्याच्या डोळ्यांवर येऊन थांबली.

"पक्षिराज, सारस दुर्मीळ झालेत, हेच तर मी मुलांना शिकवतोय!"

"ठाऊक होतं ना तुला? मग चाळीस हातांत अंडं दिलंस कसं? फासे लावणारा निदान पोटासाठी येतो. तू तर स्वतःला शहाणा म्हणवतोस! तुझे डोळे फोडावेत, असंच मला वाटतंय. पण ही मुलं घरी जाऊन सांगतील, सारस डोळे फोडतो. उद्या गाव काठ्या घेऊन येईल. म्हणून सोडतो. राग गेला म्हणून नव्हे. ऊठ, मुलांना बांधावर ने आणि तिथूनच बघायला शिकव."

आचार्य उठला आणि मुलांना बांधावर घेऊन गेला. महिन्याभराने मुलांनी बांधावरूनच आईमागे चालणारे एक पिल्लू पाहिले. ती मुलगी मात्र दोन पिल्ले शोधत राहिली.

भिक्खूंना ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "तो पिंगलक म्हणजे नवशिक्या श्रामणेरांना ओळख पटावी म्हणून डोंगरावरची एका दुर्मीळ जातीची शेवटची वेल मुळासकट उपटून आणणारा हा भिक्खू सुनेत्र. तो सारस मीच होतो."

सुनेत्राने मान खाली घातली. सारसाने त्या दिवशी जी पाळली, ती क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता. ज्याला राग येतच नाही, त्याला क्षांतीची गरजच काय?